हातपंप असताना ओढ्यावर कशाला?

झांबियाहून परतल्यापासून मला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. मेळघाट सोडून आफ्रिकेत कशाला गेलात, हा पहिला. ती पगाराची नोकरी होती, एवढेच त्याचे उत्तर आहे. दुसरा मात्र पिच्छा सोडत नाही: गावात शाळा झाली, दवाखाना झाला, दोहोंच्या मध्ये हातपंप बसला, तरी बायका ओढ्याचेच पाणी भरतात, म्हणजे त्या लोकांना कळत नाही का? विचारणाऱ्याच्या स्वरात उत्तर आधीच असते, म्हणून ‘प्रबोधन कमी पडले’ असे पुटपुटून मी आजवर विषय संपवत आलो. आता तुम्ही विचारलेत म्हणून नीट सांगतो.

गाव लुआपुला प्रांतातले. पंप इंडिया मार्क टू, म्हणजे जालना आणि सोलापूर येथील मिशनच्या कामातून निघालेल्या पंपांचाच वंशज. युनिसेफच्या पुढाकाराने १९७०च्या दशकात तो भारतात तयार झाला आणि पुढे आफ्रिकेतही पोचला. मला त्याचा अभिमान होता आणि आजही आहे. पाण्याची तपासणी झाली होती, विष्ठेतले जंतू सापडले नव्हते, कागदावर पाणी शुद्ध होते.

एके दिवशी एका वयस्क बाईंनी मला अंगणात बसवून चहा दिला. घरच्यांच्या कपात नेहमीसारखा तांबूस चहा होता आणि माझ्या टवके उडालेल्या पांढऱ्या कपात चक्क शाई. वर तेलकट दिसणारा पातळ तवंग. ‘तुमचा तुमच्या पंपाच्या पाण्याचा आहे,’ त्या शांतपणे म्हणाल्या. लोह आणि चहातले टॅनिन एकत्र आले की असा काळा रंग येतो, त्याने अपाय होत नाही, हे मी दुभाष्यामार्फत समजावू लागलो. त्यांनी ऐकून घेतले आणि कपाकडे बोट दाखवले. मी प्यायलो. तोंडात गंजका खिळा धरल्यासारखी चव होती. मग त्यांनी कसाव्याच्या, म्हणजे ज्यापासून साबुदाणा करतात त्या कंदाच्या, पिठाचा उबवाली दाखवला; तिथल्या रोजच्या जेवणातली ती घट्ट उकड. ओढ्याच्या पाण्यातला पांढरा, पंपाच्या पाण्यातला मातकट. शेवटी शाळेचा एक सदरा आणला, ज्याचा पांढरा रंग आता ओळखूही येत नव्हता. दवाखान्यातली नर्स आयांना पंपाचेच पाणी पाजा म्हणून सांगत असे, पण स्वतःचा गणवेश ओढ्यावर धूत असे, हेही मला त्याच अंगणात कळले.

दुसऱ्या दिवशी पहाटे, रात्रभर कोणी हात न लावलेला पंप आम्ही मारायला घेतला. पहिल्या बादल्या लाल आल्या आणि बराच वेळ उपसल्यावर पाणी निवळले. भूजलातच लोह भरपूर असते, तर ते असे निवळले नसते. दोष पंपाखाली जमिनीत उतरवलेल्या लोखंडी नळांत होता. वर काढलेले नळ आट्यांपाशी खाऊन गेले होते. दख्खनच्या काळ्या पाषाणातले पाणी बहुधा किंचित अल्कधर्मी असते, त्यात जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी नळ टिकतो. इथे मुसळधार पावसाच्या मुलखात पाण्याचा सामू (पीएच) सहाच्याही खाली, म्हणजे पाणी आम्लधर्मी होते आणि साडेसहाच्या खाली गेला की तो मुलामा फार काळ तग धरत नाही. नळांची निवड माझी नव्हती, ती निविदेतच ठरलेली होती. हे मी ठासून सांगतो, कारण अहवालात ‘लाभार्थींमध्ये जागरूकतेचा अभाव’ ही ओळ मी येण्याआधीच लिहून झाली होती, आणि तिच्याखाली सही करताना मलाही ती सोयीची वाटली होती.

म्हणून त्या बायका बरोबर होत्या का? इथे माझी अडचण होते. झांबियात २००२ पासून प्राथमिक शाळेची फी नाही, २००६ पासून ग्रामीण दवाखान्यातली फी नाही, तरी ओढ्यावर गेलेली मुलगी पहिल्या तासाला वर्गात नसते आणि तेच पाणी प्यायलेले धाकटे भावंड जुलाबाने दवाखान्यात येते. नर्स क्षारसंजीवनी आणि झिंकच्या गोळ्या देते आणि मूल बरे होऊन पुन्हा त्याच पाण्यावर जाते. त्या लाल पाण्याने एकही मूल दगावले नसते. ओढ्याच्या पाण्याने दगावू शकते. पुढे पीव्हीसीचे नळ बसले, पाणी निवळले, काही घरे पंपावर परतली. उरलेल्या बायका म्हणतात, कसावा भिजवायला ओढ्यावर जावेच लागते, मग येताना घागर रिकामी का आणायची? पिण्यापुरते तरी पंपाचे भरा, असा माझा आग्रह अजूनही आहे, पण तो काळा चहा पाजणाऱ्या बाईंसमोर तो मला कधी धड मांडता आला नाही.