पिअर्सला निरोप देताना
अमेरिकेच्या एनबीए बास्केटबॉल लीगमधील बॉस्टन सेल्टिक्स संघाने जुलै २०१३ मध्ये ३५ वर्षांचा पॉल पिअर्स आणि ३७ वर्षांचा केविन गार्नेट यांना ब्रुकलिन नेट्सकडे धाडले, तेव्हा मला तो शुद्ध कृतघ्नपणा वाटला होता. २००८ चे विजेतेपद मिळवून देणाऱ्या आणि सलग १५ हंगाम एकाच संघासाठी घाम गाळणाऱ्या पिअर्सला कोणी असे पाठवते का? पण त्या वर्षीच्या प्लेऑफमध्ये (बाद फेऱ्यांत) न्यूयॉर्क निक्सकडून पहिल्याच फेरीत हरलेला सेल्टिक्सचा तो संघ आता उतरणीला लागला आहे, हे संघाची बांधणी पाहणारे व्यवस्थापक डॅनी एंज यांनी वेळीच ओळखले होते. बदल्यात मिळालेल्या ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, हक्कांतूनच पुढे जेलन ब्राउन आणि जेसन टेटम हे खेळाडू आले आणि २०२४ मध्ये विजेतेपदही परतले. निर्णय योग्यच होता, हे मी आता मान्य करतो. तरीही जानेवारी २०१४ मध्ये परक्या जर्सीत बॉस्टनला आलेला, पडद्यावर स्वतःचीच जुनी दृश्ये पाहणारा पिअर्स आठवला की गळा दाटून येतो.