तोब्रुक, ट्रंक आणि 'ज्ञ'चं स्पेलिंग

आमच्या घरात थोरल्या आजोबांबद्दल एकच वाक्य होतं, "ज्ञानूआप्पा तोबरूकात गेला." तोबरूक म्हणजे लिबियातलं तोब्रुक, दुसऱ्या महायुद्धातली रणभूमी. गेला म्हणजे मेला, कैदेत गेला की तिकडचाच झाला, हे विचारायची सोय नव्हती. भावकीत भांडण पेटलं की कुणीतरी हळूच म्हणायचं, "हात वर केले असतील, दुसरं काय." पितृपाटात त्यांचं पान सर्वपित्री अमावास्येला वाढतात, कारण तिथी कुणालाच ठाऊक नाही.

कोरेगाव तालुक्यातलं आमचं गाव. घरटी एखादा माणूस फौजेत, फक्त मिलिटरी अपशिंग्यासारखं नाव गावाला चिकटलेलं नाही. गेल्या वर्षी मी ठरवलं, आप्पांचं काय झालं ते शोधायचंच.

पहिली चूक माझीच. फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसला नाव, गाव, 'मराठा पलटण' एवढंच लिहून पत्र टाकलं. महिन्याभरानं उत्तर आलं, आर्मी नंबर कळवा. गावातल्या निवृत्त सुभेदारांना ते दाखवलं तर ते हसले. "अरे, एका पलटणीत एका नावाचे दहा जण असायचे. फौजेत माणूस नंबरानं ओळखतात. घरात मेडल आहेत ना? गोल मेडलची कड बघ."

आत्याच्या ट्रंकेत, लुगड्यांच्या घडीखाली, तीन पदकं होती. दोन चांदण्या आणि एक गोल, काळंठिक्कर पडलेलं. मी उत्साहात पितांबरी काढली आणि सुभेदारांच्या शिव्या खाल्ल्या. घासून अक्षरं जातात म्हणे. मग अंधाऱ्या खोलीत मोबाईलचा उजेड तिरपा धरून कड फिरवत बसलो. नंबर, 'सिपॉय' म्हणजे शिपाई, नाव, शेवटी मराठा एल. आय., म्हणजे लाइट इन्फंट्री. शेवटचा आकडा 3 की 8, यावर घरात दोन तट पडले.

मग कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची साइट. दोन्ही महायुद्धांत कामी आलेल्यांची नावं तिथे फुकट शोधता येतात. पण आमच्या 'ज्ञ'नं घात केला. डीएनवाय घातलं, जीवाय घातलं, एकदा चिडून नुसतं जीएन घातलं. काही नाही. शेवटी नावाचा रकानाच रिकामा सोडला. सैन्य भारतीय, रेजिमेंट पाचवी मराठा लाइट इन्फंट्री, साल 1942, एवढंच भरलं. जी यादी आली ती उतरवून घेतली आणि रात्री जेवणं झाल्यावर आम्ही तिघं नंबर जुळवत बसलो. कुणाचा गणपत, कुणाचा बाबू, पुढे बापाचं नाव, गाव, सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर. माझ्यासारखी शोधणारी माणसं यातल्या प्रत्येकाच्या घरी असतील का, असं वाटून गेलं.

सापडले ते 'दयानू' म्हणून. कुणा कारकुनानं कानाला आलं तसं लिहिलं असणार. गावाचं नावही ओळखू येईना, पण नंबर तोच, शेवटी 8. तारीख 20 जून 1942. जागा: अलामेन मेमोरियल, इजिप्त. ज्यांचा देह सापडला नाही त्यांची नावं तिथे भिंतीवर कोरलेली आहेत.

तारीख हाती आल्यावर तोब्रुक वाचायला घेतलं. लिबियाच्या किनाऱ्यावरचं हे बंदर, इटालियनांनी भोवती तटबंदी केलेलं. 1941 साली एप्रिल ते नोव्हेंबर जर्मन सेनापती रोमेलनं त्याला वेढा घातला आणि ते पडलं नाही. आत लढायला ऑस्ट्रेलियन होते, नंतर पोलिश आले, आपली 18 वी कॅव्हलरी ही भारतीय पलटणही होती. तोब्रुक म्हटलं की सगळीकडे हीच कथा भेटते. पुढच्या वर्षीची कुणी फारशी सांगत नाही, कारण ती एका दिवसात आटपली.

तोवर सुरुंग काढून दुसरीकडे नेले होते, रणगाडे अडवायचा खंदक जागोजागी वाळूनं बुजला होता. 20 जूनच्या पहाटे रोमेलनं आग्नेयेकडून घाव घातला. आधी स्टुका विमानांचे बॉम्ब, मग रणगाडे. त्या बाजूला 11 वी भारतीय ब्रिगेड होती, आणि नेमक्या त्या तोंडावर 2/5 मराठा, म्हणजे पाचव्या मराठाची दुसरी पलटण. संध्याकाळी शत्रू बंदरात पोचला. दुसऱ्या दिवशी सकाळी तोब्रुकच्या फौजेचे प्रमुख, दक्षिण आफ्रिकेचे जनरल क्लॉपर शरण गेले आणि तीस हजारांहून जास्त माणसं कैद झाली.

म्हणजे हात वर झाले ते 21 तारखेला. भावकीला मी हे मुद्दाम दोनदा सांगितलं. खरं तर शरण गेले असते तरी मला लाज वाटली नसती; बुजलेल्या खंदकामागे बसून रणगाड्याला रायफल दाखवायची, यात हुकूम देणाऱ्यांचं चुकलं की शिपायाचं?

रेकॉर्ड ऑफिसला नंबर घालून दुसरं पत्र टाकलंय. उत्तर यायचंय.

तारीख कळली म्हणून मी जुनं पंचांग बघणाऱ्या गुरुजींकडे निघालो होतो. ज्येष्ठातली तिथी निघेल, श्राद्ध त्या दिवशी घालू. आत्या परातीत पीठ मळत होती. मान वर न करता म्हणाली, "ऐंशी वर्षं अमावास्येला येऊन जेवतोय तो. आता ज्येष्ठात बोलावलं तर त्याला कळायचं कसं?"

गुरुजींकडे गेलो नाही. पानावर मात्र यंदा घेवड्याची भाजी हवी, एवढं आत्यानं आत्तापासून सांगून ठेवलंय. त्यांना आवडायची म्हणे. हे आजवर कुणी बोललं नव्हतं.