आइसलँडचे तांडेल: स्टॉक्सएरी ते हेमाए

रेक्याविकहून गाडीने तासाभरात स्टॉक्सएरीला पोहोचता येतं. आइसलँडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं हे लहानसं गाव. बांधावर चढून समोर पाहिलं आणि पहिला प्रश्न पडला तो हा, की इथून होडी बाहेर काढायचीच कशी? काही हजार वर्षांपूर्वी वाहत आलेला लाव्हा इथे थेट समुद्रात शिरून थिजला, त्यामुळे किनाऱ्यासमोर लांबवर काळी खडपं पसरलेली. मोकळ्या अटलांटिकच्या लाटा येऊन त्यांवर फुटतात. आत-बाहेर करायला खडपांमधल्या अरुंद वाटा आहेत, तेवढ्याच.

वल्ह्यांच्या उघड्या होड्यांच्या काळात इथला तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, त्या वाटेच्या तोंडाशी होडी थोपवून धरायचा. मोठ्या लाटांचा एक जथा येऊन गेला की मध्ये थोडी उसंत मिळते. ती नेमकी ओळखायची आणि ओरडायचं, की सगळ्यांनी एकदम वल्ही मारायची. हाक चुकली तर होडी खडपावर. आत येताना तर मासळीने जड झालेली होडी, दमलेले हात आणि अंधारून आलेलं. माझं बालपण कोकणात, हर्णैला गेलं. शेजारच्या पाजपंढरीच्या तांडेलांना उधाणाची नाडी कशी कळते ते मी पाहिलंय, पण असली खडपं ओलांडून रोज कामाला जायचं ही कल्पनाच अंगावर येते.

इथल्या तांडेलांमध्ये सगळ्यात नावाजलेली एक बाई होती. थुरिदुर एइनार्सदोत्तिर, जन्म 1777, मृत्यू 1863. अकरा वर्षांची असताना वडिलांच्या होडीवर गेली, पुढे पुरुषांच्या बरोबरीने मासळीतला पूर्ण वाटा घेऊ लागली आणि मग स्वतः तांडेल झाली. कामावर ती पुरुषी विजार घालायची. 1827च्या फेब्रुवारीत जवळच्या काम्बुर नावाच्या वाडीवर दरोडा पडला. तोंडं झाकलेल्या चौघांनी घरातल्या माणसांना बांधून पैसे लुटले. तपास अडला तेव्हा अधिकाऱ्याने थुरिदुरची मदत घेतली. दरोडेखोरांच्या मागे राहिलेल्या वस्तू पाहून तिने माग दाखवला आणि चौघे सापडले. आइसलँडमध्ये ही गोष्ट पोराटोरांना ठाऊक आहे. मला मात्र दरोड्यापेक्षा दुसरी गोष्ट मोठी वाटते. तिच्या होडीवरचा एकही माणूस समुद्राने नेला नाही. त्या काळात, त्या खडपांतून!

तिच्या आठवणीसाठी 1949 साली गावात एक झोपडी उभारली. दगड आणि गवताळ मातीच्या भिंती, छपरावरही गवतच. वाकून आत शिरावं लागतं. दोन्ही बाजूंना झोपायची फळकुटं, मध्ये जेमतेम चालण्यापुरती जागा. हंगामात सगळे खलाशी अशा झोपडीत राहायचे, एका फळकुटावर दोघं दोघं. अंगावर घालायला कातड्याचे कपडे. पाणी आत शिरू नये म्हणून त्यांना कॉड माशाच्या यकृताचं तेल चोळलेलं. मी फळकुटावर बसून पाहिलं. जून महिना असूनही ओल हाडापर्यंत पोहोचत होती, आणि त्यांचा हंगाम तर भर हिवाळ्यातला!

कारण कॉडच्या झुंडी अंडी घालायला दक्षिण किनाऱ्याशी येतात त्या हिवाळ्याच्या शेवटी. फेब्रुवारी ते मे, मासळी भरपूर आणि वादळंही भरपूर. आपल्याकडे दर्या खवळला की होड्या वर ओढून शाकारतात, 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. ती सवड या लोकांना निसर्गाने दिलीच नाही. ज्या महिन्यांत जाऊ नये, त्याच महिन्यांत पोट भरतं. त्यामुळे इथल्या तांडेलाचं मोठेपण ‘आज जायचं का’ या सकाळच्या एका निर्णयात असतं.

दुसऱ्या दिवशी लान्देयाहॉप्नहून फेरीबोटीने वेस्टमन बेटांकडे निघाले. जेमतेम पाऊण तासाचा प्रवास, पण बोट चांगलीच डुलली. हेमाए हे त्यातलं वस्तीचं बेट. जूनचा पहिला रविवार हा आइसलँडमध्ये दर्यावर्द्यांचा दिवस, 1938पासून साजरा होतो. सगळ्या बोटी बंदरात, पताका लावलेल्या, धक्क्यावर मुलांची झुंबड, वल्ह्यांच्या शर्यती. बुडालेल्यांच्या स्मारकावर फुलं वाहतात आणि म्हाताऱ्या खलाशांचा सत्कार होतो. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका आजींनी पांढऱ्या केसांच्या सत्कारमूर्तींकडे बोट दाखवून, कोण कुठल्या बोटीवर होता ते भराभर सांगितलं. बोटींची नावं त्यांना नातवंडांच्या नावांसारखी पाठ होती.

या बेटाचा लाडका कप्तान म्हणजे बिन्नी. गुल्बोर्ग ही त्याची बोट. 1950च्या दशकात सर्वांत जास्त मासळी आणणाऱ्याचा मान त्याने पुन्हा पुन्हा मिळवला. आयुष्यभर त्या समुद्रातून सुखरूप परतलेला हा माणूस 1972 साली बंदरातच पाण्यात पडून गेला. पुढच्याच वर्षी, 23 जानेवारी 1973च्या पहाटे, गावाच्या कडेलाच जमीन फाटून ज्वालामुखी सुरू झाला. आदल्या दिवशीच्या वादळामुळे जवळजवळ सगळ्या मासेमारी बोटी बंदरात होत्या, म्हणून सुमारे पाच हजार माणसं त्याच रात्री मुख्य बेटाकडे नेता आली. आत तान्ही मुलं, म्हातारी माणसं, आजारी, आणि बाहेर आदल्या दिवशीच्या वादळाचा समुद्र. त्या कप्तानांपैकी बहुतेकांची नावं बाहेरच्या जगाला कधी कळलीच नाहीत.

संध्याकाळी त्याच ज्वालामुखीच्या लाव्ह्यावर गेले. तिथे मेंढ्यांना पाणी ठेवायचं एक टब आहे, साधं न्हाणीघरातलं. 11 मार्च 1984च्या रात्री बेटाच्या पूर्वेला हेल्लिसेय नावाची बोट उलटली. जाळं तळाशी अडकलं होतं. पाच जणांपैकी तिघं उलट्या बोटीच्या पाठीवर चढले. जीवरक्षक तराफा बोटीला बांधलेला, तो काही केल्या सुटेना. शेवटी तिघंही पोहायला निघाले. एक लगेच दिसेनासा झाला. कप्तान आणि बावीस वर्षांचा गुद्लोइगुर फ्रिदथोर्सोन अंधारात एकमेकांना हाका मारत राहिले. मग कप्तानाकडून उत्तर येईना.

गुद्लोइगुर पाच-सहा तास पोहला, पाच-सहा अंश सेल्सियसच्या पाण्यात. किनारा लागला तो सरळ कडा. चढता येईना म्हणून पुन्हा पाण्यात शिरून त्याने दुसरी जागा शोधली. मग अनवाणी, धारदार लाव्ह्यावरून चालला. तहानेने जीव कासावीस झालेला. या टबातल्या पाण्यावर बर्फ धरला होता, तो त्याने मुठीने फोडला आणि पाणी प्यायला. सकाळी गावात येऊन पहिल्या घराचं दार ठोठावलं. मी तिथल्या लाव्ह्यावर हात फिरवला. बोटाला लगेच ओरखडा आला.

त्या तराफ्यांसाठी या बेटावर राहणारा व्यंगचित्रकार सिग्मुन्द योहान्सोन याने 1980च्या दशकाच्या सुरुवातीलाच आपोआप सुटणारं यंत्र बनवलं होतं. हेल्लिसेय बुडाल्यावर सगळ्या बोटींना अशी साधनं हवीत, ही मागणी जोर धरू लागली. 1985 साली सेब्योर्ग या जहाजावर दर्यावर्द्यांसाठी सुरक्षेची शाळा सुरू झाली. कप्तानापासून नव्या पोरापर्यंत सगळे तिथे थंड पाण्यात उड्या मारून तराफा उघडायला आणि थंड पाण्यात जीव वाचवणारा सूट चढवायला शिकतात. आणि 2008 साली, आइसलँडच्या इतिहासात पहिल्यांदा, वर्षभरात समुद्रावर एकही मासेमार दगावला नाही. त्यानंतर अशी आणखीही वर्षं आली.

मी हेमाएच्या धक्क्यावर उभी होते तेव्हा हर्णैला होड्या वर ओढून झालेल्या होत्या. बंदीचे दोन महिने आपले तांडेल आणि खलाशी घरी असतात, जाळी विणतात. त्याच दिवसांत हर्णै, मिरकरवाडा, वर्सोवा, ससून डॉक अशा प्रत्येक बंदरावर सेब्योर्गसारखी शाळा भरावी. तराफा सोडायचा कसा, माणूस पाण्यात पडला तर होडी फिरवायची कशी, हे नव्याने चढलेल्या पोराच्या हातून एकदा करून घ्यावं, आणि मगच ऑगस्टमध्ये होडी पाण्यात लोटावी.