आमची वाटचाल: पोतं तेच, माल वेगळा

आम्ही मातीची भांडी बनवतो. त्यांच्यावर भट्टीत वितळून चढणारा काचेसारखा थर म्हणजे ग्लेझ. आमच्या पांढऱ्या ग्लेझची नक्कल करणारे आज बरेच झालेत. करू देत. आमचा कारखाना बंद पडायची वेळ आली होती, तेव्हा यातलं एकही माणूस विचारपूस करायला फिरकलं नव्हतं.

सुरुवात मी आणि माझ्या भागीदाराने केली. तयार ग्लेझ परवडेना, म्हणून स्वतःच कालवायचं ठरलं. मी मोठ्या मिक्सरवर पैसे घालायला निघालो होतो. तो म्हणाला, "ढवळायला ड्रिल पुरे. आधी काटा घे." मग 0.1 ग्रॅम दाखवणारा काटा आणि 80 मेशची (इंचाला 80 छिद्रांची) पितळी चाळणी आली. दोन्ही अजून चालू आहेत. चाळणीच्या कडेला त्यानेच दिलेला झाळणीचा डाग आहे. पुढे तो वेगळा झाला, भांडून नव्हे. रंगासाठी अर्धा टक्का कोबाल्ट तोलताना अजून त्याचाच आवाज ऐकू येतो.

नंतरची पाच वर्षं बरी गेली. मग फेल्डस्पारची नवी पोती आली. फेल्डस्पार म्हणजे ग्लेझ वितळवणारं खनिज, त्यात पोटॅश जास्त असतं किंवा सोडा. वर पोटॅश लिहिलेलं, छापही तोच. घाईत आधी चाचणीची टाइल भाजून पाहिली नाही, चूक माझी. पहिल्यापासूनच्या आमच्या एक गिऱ्हाईक बाई आहेत, त्यांचे 400 मग भट्टीतून काचेसारखे निघाले. चौथ्या दिवशी बांधाबांध करताना मांडणीवरून आवाज आला, टिंग. थोड्या वेळाने दुसरा. मगावर शाई चोळून पुसली, तर आत तड्यांचं बारीक जाळं उमटलं.

पुरवठादार म्हणाला, "तुमची भट्टी तपासा." टेबलाखाली जुनं अर्धं पोतं उरलं होतं. दोन्ही माल एकाच भट्टीत, सहा नंबरच्या कोनला (ठरावीक उष्णतेला वाकणारा मातीचा सुळका) भाजले. जुनी टाइल साफ, नवी तडकलेली. तपासणीत नव्या मालात सोडा भरपूर निघाला. सोड्याने ग्लेझ थंड होताना मातीपेक्षा जास्त आकसतं, आणि फाटतं. त्या माणसाने चूक आजतागायत कबूल केलेली नाही.

सगळे मग फोडले. बाईंनी आगाऊ रक्कम परत मागितली नाही. "थांबते, पण मग हवेत ते तुमचेच," एवढंच म्हणाल्या. ग्लेझ कमी आकसावं म्हणून आम्ही त्यात क्वार्ट्झ (गारेची पूड) दोन-दोन भागांनी वाढवत गेलो. सहा भागांवर टाइल फ्रीझरमधून काढून उकळत्या पाण्यात टाकली तरी टिकली.

कोणी विचारलेलं नाही, तरी सांगतो. नव्या पोत्यातून आधी फक्त 100 ग्रॅम कालवा आणि टाइल उभी भाजा, म्हणजे ग्लेझ ओघळतं का तेही कळेल. बादलीत पाणी अंदाजाने ओतू नका. 100 मिली ग्लेझ तोलून बघा, आमचं 145 ग्रॅम भरतं. कोरडी पूड हाताळताना धुळीचा चांगला मास्क हवाच, नाकाला बांधलेला रुमाल नव्हे. आणि फरशी झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. क्वार्ट्झची धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही.

परवा तोच पुरवठादार नमुना घेऊन आला होता. "एकदम शुद्ध पोटॅश" म्हणाला. पिशवी ठेवून घेतली, तारीख लिहून. टाइल अजून भट्टीत आहे.