चांदणीपान

रिमोट माझ्याच हातात होता. पुढं काय येणार ते मला पाठ होतं आणि साडेसहा वर्षांचा भाचा माझ्या दंडाला चिकटून बसला होता. आई मरते तो प्रसंग गुपचूप पुढं ढकलावा, असं मी आधीच ठरवलं होतं. पण बोट बटणावर गेलेलं त्यानं पाहिलं. "मावशी, नको ना. मला बघायचंय."

सिनेमा १९८८ चा, ‘द लँड बिफोर टाइम’, डायनासोरांच्या पिल्लांचा कार्टूनपट. दिग्दर्शक डॉन ब्लूथ, निर्मितीमागे स्टीव्हन स्पीलबर्ग आणि जॉर्ज लुकास. मुलं फार घाबरतील म्हणून यातली सुमारे १० मिनिटं कापून टाकली होती. उरला तो जेमतेम ६९ मिनिटांचा. तेवढाही पुरतो, खरं सांगते.

भाचा डायनासोरांच्या बाबतीत पक्का पंतोजी आहे. उडणारा पीट्री पडद्यावर आला रे आला, की "हा टेरानोडॉन, हा डायनासोर नसतोच!" मग म्हणे नायक लिटलफूट अपॅटोसॉरस, स्पाइक स्टेगोसॉरस, म्हणजे दोघं साधारण १५ कोटी वर्षांपूर्वीचे, आणि सेरा तर ट्रायसेराटॉप्स, ती टी-रेक्सच्या काळातली. यांची गाठ पडलीच कशी? मी पुस्तक काढून पाहिलं. पोराचं बरोबर होतं. स्टेगोसॉरस आणि टी-रेक्स यांच्यात सुमारे ८ कोटी वर्षं, टी-रेक्स आणि आपल्यात साडेसहा. थोडक्यात, तो राक्षस स्टेगोसॉरसपेक्षा आपल्याला जवळचा. हे वाचून मीच जरा सरसावून बसले.

एवढ्या चुका काढूनही टोपणनावं मात्र त्यानं लगेच दिली. लांबमान्या, तीनशिंगी, आणि तो टी-रेक्स म्हणजे दातऱ्या. सिनेमातलीही पिल्लं एकमेकांना असंच अंगावरच्या खुणेनं ओळखतात. तीनशिंग्यांनी लांबमान्यांशी खेळायचं नाही, हे सेरा बापाकडून शिकून आलेली. तिचा तोरा शेवटपर्यंत पुरता उतरत नाही, म्हणून ती मला आवडते. बदकचोचीची डकी गोड आहे, पण गोडच आहे. स्पाइक एक शब्द बोलत नाही, नुसता चरत असतो. घरात असा एक माणूस असतोच.

तर ती आई, लिटलफूटची. दातऱ्याशी झुंजते, जमीन दुभंगते, आणि पावसात ती आडवी पडते. दिसले नाही तरी मी तुझ्याजवळ असेन, असं सांगते. लिटलफूटला मात्र ‘दिसणार नाही’ म्हणजे काय, हेच उमगत नाही. तिनं त्याला दिलेलं एक पान असतं, चांदणीच्या आकाराचं. पुढं तो ते जपून बरोबर नेतो. भाचा इथं रडला नाही. माझंच नाक वाहायला लागलं.

पुढं एका जागी लिटलफूटला कड्यावर भली मोठी लांबमानी सावली दिसते. आई! तो धावत सुटतो. जसा जवळ जातो तशी सावली लहान लहान होत जाते, आणि कड्यापाशी पोचतो तेव्हा ती त्याच्याएवढीच उरते. आईच्या मरणापेक्षा मला हेच जास्त लागलं. ती गेलीये हे त्याला इथं कळतं, आणि ते सांगायला मोठं माणूस कुणी जवळ नसतं.

पुढचे भाग? १३ निघाले. दोन आम्ही पाहिले. गाणी बरीच, भीती फारशी नाही. तिसरा लावायचं भाच्यानंही नाव काढलं नाही.

पहिला संपला, पिल्लं शोधत होती त्या हिरव्या खोऱ्यात पोचली, जेम्स हॉर्नरचं संगीत भरून आलं. मी उठायला लागले तर दंड सुटेना. "सावलीचं परत लाव." लावलं. परत लावलं. तिसऱ्या वेळी तो पंतोजींच्या आवाजात म्हणाला, "मावशी, उन्हातली सावली अशी लहान होत नाही. बॅटरीची होते."

"हो का?"

"हो. परत लाव."