वाचनालयातल्या ट्यूब एलईडी करताना

आमच्या वाचनालयात एकूण २८ ट्यूबपट्ट्या होत्या. त्यांतल्या १६ वाचन-दालनात, उंच छतापासून लोखंडी पाइपांना जोडीजोडीने टांगलेल्या. बाकीच्या पुस्तकांच्या कपाटांमध्ये, देवघेवीच्या काउंटरवर आणि अभ्यासिकेत. सगळ्या चार फुटी, ३६ वॅटच्या, जुन्या वजनदार चोकवाल्या. कुठली ना कुठली कायम फडफडत असायची. कडा काळ्या पडल्या की ट्यूब बदला, लागली नाही तर स्टार्टर फिरवून बघा, तरी नाही तर चोक गेला समजा. संध्याकाळी व्होल्टेज उतरलं की निम्म्या ट्यूबांची नुसती टोकं लाल व्हायची आणि वाचक वर बघत बसायचे. मी चिटणीस, म्हणजे तक्रारवहीतलं सगळं माझ्याच वाट्याचं. अखेर सभेत ठराव झाला : सर्व ट्यूब काढून एलईडी बसवाव्यात.

ठराव एका ओळीचा असला तरी दुकानात त्याचे तीन रस्ते निघाले. पहिला सगळ्यात सोपा. स्टार्टर काढायचा, त्याच्या जागी एलईडी ट्यूबबरोबर मिळणारा बनावट स्टार्टर घालायचा (आत फक्त फ्यूज असतो) आणि जुन्या पट्टीत नवी ट्यूब फिरवून बसवायची. वायरला हात लावायचा नाही. दुसरा, पट्टी तीच ठेवून चोक, स्टार्टर दोन्ही बाहेर काढायचे आणि होल्डरला थेट वीज द्यायची. तिसरा, पट्टीच काढून टाकायची आणि तिथे एलईडी बॅटन लावायची, म्हणजे ट्यूब आणि पट्टी एकत्रच येते.

आमचे वायरमन पहिल्या रस्त्याचं नाव काढताच म्हणाले, "सर, चोक ठेवायचाच असेल तर मला कशाला बोलावलंत?" त्यांचं म्हणणं मला पटलं. चोक राहिला की तो थोडी वीज खातो, गुणगुणतो आणि पुढे कधीतरी जळतोच. मग नव्या ट्यूबला दोष देत बसायचं. शिवाय उद्या कुणी तिथे पुन्हा जुना स्टार्टर घातला तर काय, हा प्रश्न राहतोच. सार्वजनिक जागेत कोण काय घालेल याचा नेम नाही.

हिशेबही चोकपाशीच येतो. ट्यूब ३६ वॅटची म्हणून आपण ३६ धरतो, पण जुना चोक स्वतः साधारण १० ते १५ वॅट गिळतो. म्हणजे पट्टीमागे ५० वॅटच्या आसपास गेले. त्या जागी २० वॅटची एलईडी आली की पट्टीमागे निम्म्याहून अधिक बचत.

कपाटांमध्ये, काउंटरवर आणि अभ्यासिकेत आम्ही सरळ बॅटन घेतल्या. पट्ट्या गंजलेल्या, होल्डर ठिसूळ झालेले, आणि नुसती ट्यूब व पूर्ण बॅटन यांच्या किमतीत फारसा फरक नव्हता. तुमच्याकडे साध्या भिंतीवरच्या पट्ट्या असतील तर माझं मत हेच : जुन्या पट्टीचा मोह सोडा. दालनात मात्र त्या लोखंडी पाइपांमुळे आणि वरच्या लाकडी छतामुळे पट्ट्या तशाच ठेवून थेट वायरिंग करायचं ठरलं.

थेट वायरिंगमध्ये एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. एलईडी ट्यूब दोन प्रकारच्या येतात. एकीत फेज एका टोकाला आणि न्यूट्रल दुसऱ्या टोकाला जोडायचा असतो. दुसरीत दोन्ही एकाच टोकाच्या दोन पिनांना, आणि दुसरं टोक नुसतं आधाराला. पहिल्या प्रकारात धोका असा की वीज चालू असताना ट्यूबचं एक टोक होल्डरमध्ये गेलं आणि दुसरं अजून हातात असलं, तर हातातल्या पिनांना ट्यूबमधून वीज पोचू शकते. दुसऱ्या प्रकारात वेगळी भानगड. काही ट्यूबांच्या मुक्या टोकाच्या पिना आतून एकमेकींना जोडलेल्या असतात. अशी ट्यूब उलटी बसवली की फेज आणि न्यूट्रल थेट भिडतात, म्हणजे सरळ शॉर्ट. ट्यूबवर टोकाशी बारीक अक्षरांत कुठली बाजू विजेची ते छापलेलं असतं. दुकानातच चष्मा लावून वाचा, आणि २८ काय, दोन घेतल्या तरी एकाच प्रकारच्या घ्या.

आम्ही एका टोकाच्या घेतल्या. वायरमननी मेन स्विच पाडला, वर पुठ्ठा बांधला, "काम चालू आहे, स्विच लावू नये". तरी पट्टी उघडल्यावर आधी टेस्टर लावला. चोकच्या वायरी कापून बाजूला केल्या, एका बाजूच्या होल्डरच्या दोन टोकांना फेज आणि न्यूट्रल, दुसऱ्या बाजूचा होल्डर मोकळा. पट्टीच्या पत्र्याला अर्थिंग नव्हतंच, तेही ओढून घेतलं. प्रत्येक पट्टीत विजेच्या बाजूला लाल टेपचा तुकडा आणि आत मार्करने लिहिलं, "चोक नाही, फक्त एलईडी". ही चिठ्ठी पुढच्या माणसासाठी. साध्या ट्यूबमधला करंट चोक आवरून धरतो. चोक काढलेल्या पट्टीत कुणी जुनी ट्यूब घालू नये, इतकं त्याला कळलं पाहिजे.

उजेडाचा रंग हा आमच्याकडे वादाचा विषय झाला. बाजारात जिथे तिथे ६५०० केल्विनचा निळसर पांढरा उजेड मिळतो आणि लोकांना तोच लख्ख वाटतो. नमुना म्हणून एका टेबलावर ६५०० आणि शेजारच्या टेबलावर ४००० केल्विनची, कमी निळसर ट्यूब लावून ठेवली. पहिल्या दिवशी सगळ्यांची पसंती निळसरला. मग सकाळपासून वर्तमानपत्रं वाचत बसणारी ज्येष्ठ मंडळी गुपचूप दुसऱ्या टेबलाकडे सरकली. गुळगुळीत कागदाच्या मासिकांवर निळसर उजेडाची तिरीप डोळ्यांत जाते, असं त्यांचं म्हणणं. दालनात ४००० ठरलं, बाकी ६५००.

एक फरक मला आधी लक्षात आला नसता, तो ग्रंथपाल मॅडमनी दाखवला. जुनी ट्यूब चहूकडे उजेड टाकायची, छतावरही. एलईडी ट्यूबमध्ये आतल्या बारीक दिव्यांची पट्टी एका अंगाला असते, त्यामुळे उजेड खालीच पडतो. टेबल उजळलं, पण उंच कपाटांचे वरचे दोन खण अंधारले आणि पाठीवरचे क्रमांक वाचता येईनात. कपाटांमधल्या बॅटन छतावरून काढून भिंतीवर थोड्या खाली, तिरप्या लावून घेतल्या. वाचनालय, दुकान, गोदाम, जिथे उभ्या मांडणीवरचं वाचायचं असतं, तिथे जुन्या जागेवरच नवी ट्यूब बसवू नका.

सगळं लागल्यावर रात्री कुलूप लावताना दिसलं, कपाटांमधल्या दोन बॅटन बटण बंद असूनही अगदी मंद उजळत होत्या. काहींना वाटलं, माल खराब. वायरमननी बटण बंद ठेवून टेस्टर लावला, तर तो चमकला. स्विच फेजवर नव्हता, न्यूट्रलवर होता! बटण बंद केलं तरी पट्टीपर्यंत फेज कायम पोचलेला. जुन्या ट्यूबला एवढ्या बारीकशा गळतीने काही होत नाही, पण एलईडीला तितका करंटही मंद उजळायला पुरतो. म्हणजे इतकी वर्षं बटण बंद करून निर्धास्तपणे ट्यूब बदलणारे आमचे शिपाई जिवंत होल्डरला हात लावत होते. बोर्डातली वायर बदलली, उजेड गेला. तुमच्याही घरी एलईडी बंद केल्यावर लुकलुकत असेल, तर दुकानदाराशी भांडण्याआधी हे तपासून घ्या. बटणावर इंडिकेटर असेल तर त्यानेही असं होतं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो जुन्या सामानाची विल्हेवाट लावण्यात. भंगारवाला पट्ट्यांचं लोखंड बघून खूश. चोकवर त्याने कानस मारली. तार आतून लाल निघाली की तांबं, पांढरी निघाली की ॲल्युमिनियम, आणि भाव त्याप्रमाणे. आमचे दोन्ही जातींचे निघाले. ट्यूबांकडे बोट दाखवलं तर म्हणाला, "त्या तुमच्या तुम्हाला." घंटागाडीवाल्यांचंही तेच.

ट्यूबमध्ये काही मिलिग्रॅम पारा असतो, म्हणून ती फोडून कचऱ्यात टाकायची नसते. एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत ट्यूबही येतात. पाऱ्याचा वापर आवरण्यासाठी झालेल्या आंतरराष्ट्रीय मिनामाता कराराच्या देशांनी २०२३ मध्ये जिनिव्हात ठरवलं की साध्या उजेडाच्या ट्यूबांचं उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ पर्यंत थांबवायची. म्हणजे असे ढीग आता गावोगाव निघणार. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांची नावं मिळाली. एका ठिकाणी फोन केला तर एवढ्याशा मालासाठी गाडी पाठवायला तयार नाहीत. मग शेजारच्या शाळेच्या आणि पतसंस्थेच्या ट्यूब आमच्यात मिळवल्या, जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळून खोक्यांत उभ्या भरल्या आणि जिल्ह्याच्या गावाला जाणाऱ्या टेंपोत चढवल्या. भरताना एक फुटलीच. खिडक्या उघडून सगळ्यांना थोडा वेळ बाहेर काढलं, झाडू न फिरवता जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा केले, ओल्या कागदाने फरशी पुसली आणि सगळं पिशवीत बांधून त्याच खोक्यात टाकलं.

सगळे दिवे एकाच वेळी लागत नाहीत, त्यामुळे बिलातली बचत महिन्याला शंभर युनिटच्या आसपास आहे. वीज गेल्यावर इन्व्हर्टर मात्र आता रात्रीच्या वेळेपर्यंत टिकतो, आणि सभासदांना बिलापेक्षा त्याचंच कौतुक. आता फक्त मागच्या जिन्यातला गोल बल्ब राहिलाय. त्याचा होल्डर बदलायला वायरमन पुढच्या आठवड्यात येणार आहेत, म्हणजे तसं म्हणाले तरी आहेत.