आमसुली जाळी

दिवाळीला पुण्यात आले होते तेव्हा आत्याला सांगितलं, की मला समुद्रावर जाताना पोहायच्या कपड्यांवरून घालायला क्रोशाचं काहीतरी विणायचंय. हातातली चकली खाली ठेवून तिने विचारलं, "वरून घालायचं, आणि जाळीचं? मग झाकणार काय त्याने?"

प्रश्न रास्त होता. आपण दिवेआगरला किंवा हरिहरेश्वरला जातो तेव्हा अंगावर आहे त्या पंजाबी ड्रेसमध्ये पाण्यात शिरतो आणि सलवारीत पावशेर वाळू घेऊन खोलीवर परततो. तिथे वरून काही घालायचा विषयच निघत नाही, कारण मुळात काढलेलंच काही नसतं. मी राहते त्या ऑस्ट्रेलियातल्या पर्थला तसं नाही. इथे डिसेंबर म्हणजे ऐन उन्हाळा, पारा चाळिशीपर्यंत जाणारा, आणि समुद्र शहराला लागूनच. लोक घरूनच पोहायच्या कपड्यांत निघतात, कॉटेस्लोच्या किनाऱ्यावर डुंबतात आणि मग वरच्या हिरवळीवर, उंच नॉरफोक पाइनच्या सावलीत, तळलेला मासा नि बटाटे खात बसतात. किनाऱ्यापासून त्या हिरवळीपर्यंत आणि हिरवळीपासून गाडीपर्यंत अंगावर काहीतरी हवं, ते हे. सहा वर्षं मी नवऱ्याच्या जुन्या शर्टावर भागवलं. मागच्या उन्हाळ्यात इथल्या एका दुकानात क्रोशाचा सुंदर झगा पाहिला, किंमत पाहिली आणि परत खुंटीला अडकवला.

ती किंमत जास्त होती असं मात्र मला म्हणवत नाही. स्वेटर यंत्रावर विणला जातो, पण क्रोशाचे टाके घालणारं यंत्र कारखान्यांतून अजून रुळलेलं नाही. दुकानात टांगलेला खऱ्या क्रोशाचा प्रत्येक कपडा कुठल्या तरी बाईने बसून हाताने विणलेला असतो. आपल्याकडे आंध्रातल्या नरसापूरच्या आसपास बायका पिढ्यान्‌पिढ्या घरी बसून ही लेस विणतात. त्यामुळे असा झगा कुठे फार स्वस्तात दिसला की मला आनंद होत नाही, पोटात गोळा येतो.

तर तुळशीबाग. दिवाळीच्या गर्दीत आत्याचा पदर धरून (वय वर्षं एकेचाळीस) दोऱ्याच्या दुकानात शिरले. दुकानदाराने विचारलं, "रुमालाला की तोरणाला?" म्हटलं, अंगात घालायला. "मग लोकर न्या, मऊ असते." आपण ज्याला सरसकट लोकर म्हणतो ती आता बहुतेक अ‍ॅक्रिलिक असते. ओली झाली तरी हलकी राहते, भराभर वाळते, हे गुण आहेत तिचे. पण चाळीस अंशांत ती अंगाला लागली की प्लॅस्टिकची पिशवी घातल्यासारखं होतं. म्हणून सुती दोराच घेतला, तो चकाकणारा, कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया केलेला, ज्याला मर्सराइज्ड म्हणतात. पीळ घट्ट, रंग झळझळीत, धागा मजबूत. रंग आमसुली. आत्या म्हणाली, "हा रंग जाणार बघ." मी म्हटलं, बघू.

सुईवरून थोडं वाजलं. आत्याच्या सगळ्या सुया पोलादी, टूथपिकसारख्या बारीक, तोरणांच्या. त्या सुईने या दोऱ्याचा झगा विणला असता तर तो उभा राहिला असता, घालायची गरज नव्हती. कपडा हलका आणि लोळता हवा असेल तर दोऱ्याला शोभते त्याहून जाड सुई घ्यायची. मी ४ मिलिमीटरची घेतली. टाके सैल पडतात, दोरा कमी लागतो, वारा आरपार जातो. आत्याला ते गबाळं वाटलं. तिच्या लेखी घट्ट टाका म्हणजे चांगलं वळण.

पर्थला परतले आणि पहिली चूक केली. आमच्या भागातल्या लायब्ररीत बुधवारी विणणाऱ्या बायका जमतात. त्यांच्यातल्या एकीने मला झग्याच्या नमुन्याचा छापील कागद दिला. कागदावर टाक्याचं नाव होतं "डबल". शेजारच्या आजींना विचारलं, डबल कसा घालायचा? त्यांनी प्रेमाने दाखवला. मी दोन संध्याकाळी चौदा ओळी विणल्या आणि व्हिडिओ कॉलवर आत्याला दाखवायला उचलल्या. इथे रात्रीचे आठ म्हणजे पुण्यात साडेपाच, तिच्या चहाची वेळ. तिने कप ओठाशीच थांबवला. "हे काय गं, पायपुसणं?"

पायपुसणंच होतं. जाडजूड, दाट, वाकायला तयार नसलेलं.

भानगड अशी होती, की कागद अमेरिकन होता आणि आजी इथल्या. ऑस्ट्रेलियात ब्रिटिश नावं चालतात. अमेरिकन ज्याला सिंगल म्हणतात त्याला ब्रिटिश डबल म्हणतात, आणि अमेरिकन डबल म्हणजे ब्रिटिश ट्रेबल. टाके तेच, नावं एका पायरीने सरकलेली. इंग्रजी नमुना हातात आला की आधी तो कुठल्या देशातला ते बघा, आणि कागदावर कुठेही "सिंगल" दिसला तर तो बहुधा अमेरिकनच, कारण आताच्या ब्रिटिश पद्धतीत त्या नावाचा टाकाच नाही.

आत्याला हे सगळं समजावून सांगितलं तर ती म्हणाली, "मग तू मुका खांब घातलास. खांब घालायचा होता." संपलं! एका वाक्यात. साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब, लांब खांब. मुका म्हणजे बुटका, सुईवर दोऱ्याचा वेढा न घेता घातलेला. खांब म्हणजे एक वेढा घेऊन उभा केलेला. नाव ऐकलं की टाका डोळ्यांसमोर उभा राहतो, तो उंच की बुटका ते आकडे मोजून ठरवावं लागत नाही. ज्या बायकांनी ही नावं पाडली त्यांना माझा नमस्कार. मी त्या कागदावर पेनाने सगळे "डबल" खोडून "खांब" लिहिलं. आता बुधवारी आजीसुद्धा मला विचारतात, "खांब ऑर मुका?" मुका त्या "मूका" असा लांबवून म्हणतात.

चौदा ओळी उसवल्या. कागद बाजूला ठेवला आणि आत्याने तोरणाचीच जाळी सांगितली: एक खांब, एक साखळी, खालचा एक टाका सोडून पुन्हा खांब. पुढच्या ओळीत खांबावर खांब, साखळीवर साखळी. ओळ उलटताना पहिल्या खांबाऐवजी ३ साखळ्या, आणि वर घराच्या मधली १ साखळी. दोन आयत विणायचे, एक पुढचा, एक पाठीचा. माझ्या हाताने १० सेंटिमीटरमध्ये २० टाके बसत होते, म्हणून ६० सेंटिमीटर रुंदीला १२० टाके, म्हणजे जाळीची साठ घरं. एका ओळीला दहा मिनिटं. पाठ संपायला ताक घुसळल्यासारखे रोजचे दोन तास धरून आठवडा लागला, पुढची बाजूही तेवढीच. बाह्या नाहीत, गळ्याला आकार नाही. खांद्यांवर जोडायचं, मधे डोकं जाईल एवढं मोकळं ठेवायचं, कडा बगलेच्या खाली एक वीत सोडून शिवायच्या आणि खाली चालण्यापुरती फट ठेवायची. एवढंच.

पाठीचा आयत झाल्यावर आत्या म्हणाली, "आता भिजवून टांग." मला वाटलं रंगासाठी. बादलीत बुडवला आणि पाच मिनिटांत बादलीभर कोकम सरबत तयार. सरबत काही आश्चर्याचं नव्हतं. गार पाण्यातून तिसऱ्यांदा काढल्यावर पाणी स्वच्छ आलं. आश्चर्य टांगल्यावर झालं. चिमट्याने दोरीवर लावलेला तो आयत पाण्याच्या वजनाने माझ्या डोळ्यांदेखत खाली उतरत गेला. ८५ सेंटिमीटरचा वाळेपर्यंत ९६ झाला. सुती दोरा पाणी भरपूर पितो आणि लोकरीसारखा परत जागेवर येत नाही. एकदा ताणला की ताणलाच. तशीच शिवून समुद्रात नेली असती तर येताना गुडघ्यांशी अडकून पडले असते.

मग वरच्या अकरा सेंटिमीटरच्या ओळी उसवल्या आणि त्या जागी खांद्यापाशी सहा ओळी मुक्या खांबांच्या घातल्या. ज्याला पायपुसणं म्हणून हिणवलं तोच टाका इथे कामाला आला. सगळं वजन खांद्यावर येतं, तिथे जाळी असेल तर ती रबरासारखी लांबते, मुका खांब हलत नाही. खांद्याची जोडही सुईदोऱ्याने न शिवता क्रोशाच्या जोडटाक्याने केली. पुढच्या बाजूचा आयत आधीच आखूड विणला. हे ज्यांना करायचंय त्यांनी झगाभर विणून मग शहाणं होऊ नये, वीतभर नमुना विणावा, ओला करून टांगावा, वाळल्यावर मोजावा. मी हे ऐकलं होतं. केलं नव्हतं.

पूर्ण झगा कोरडा असताना साडेतीनशे ग्रॅम भरला. घडी केली की लाडवाच्या डब्यात बसतो.

नाताळच्या आधीच्या रविवारी तो घालून कॉटेस्लोला गेले. दुपारी इथे नैऋत्येकडून समुद्रावरचं वारं सुटतं, त्याला लोक "फ्रीमँटल डॉक्टर" म्हणतात, कारण तापलेल्या शहराला ते येऊन थंड करतं. डॉक्टर आला आणि माझ्या जाळीतून आरपार गेला. अंगाला न चिकटता झगा नुसता हलत होता. एका बाईने येऊन विचारलंसुद्धा कुठून घेतला म्हणून. मी पुण्याहून म्हटलं, जे निम्मं खरं होतं.

घरी येऊन आरशात पाहिलं तर खांद्यांखाली, पाठीवर चौकटी उमटलेल्या. गुलाबी घरं, मधे फिकट रेघा. जाळी ऊन अडवत नाही, हे इतकं उघड असून मला सुचलं नव्हतं. इथलं ऊन पुण्याच्या वैशाखातल्यासारखं नुसतं तापत नाही, ते सोलतं. उन्हातल्या अतिनील किरणांचा निर्देशांक ३ झाला की अंग झाका असं इथे सांगतात, आणि उन्हाळ्यात दुपारी तो ११ च्या वर जातो. "स्लिप, स्लॉप, स्लॅप", म्हणजे शर्ट चढवा, मलम थापा, टोपी घाला, ही मोहीम १९८१ पासून इथल्या पोरांच्या तोंडात बसलीय. कपडा ऊन किती अडवेल ते विणीच्या दाटपणावर असतं. मी तर मुद्दाम विरळ वीण घातलेली. त्यामुळे आता आत पूर्ण बाह्यांचा पोहायचा घट्ट शर्ट, आणि वर हा आमसुली झगा.

हे आत्याला कळवलं. "म्हणजे शेवटी पंजाबी ड्रेसच घातलास," ती म्हणाली.

फोटोही पाठवला, मी, मागे समुद्र, वाऱ्याने फुगलेला झगा. दोन निळ्या खुणा आल्या, मग बराच वेळ काही नाही. चष्मा शोधत असणार. मग उत्तर आलं: "डाव्या खांद्याच्या जोडापाशी दोऱ्याचं टोक लोंबतंय. ओवून घे."